पानातला आकडा

महाडच्या आमच्या भाड्याच्या खोलीत स्टोव्ह आणि पुस्तक यांच्यात जेमतेम हातभर अंतर होतं. दूध वर यायला लागलं की मी अंबाड्यातला आकडा काढून पानात खोचायची आणि उठायची. दूध उतरवून, लेकीला पाजून, भांडी आवरून परत यायला कधी तास लागे, कधी दुसरा दिवस उजाडे. आकडा जिथल्या तिथे असे. धडाही तिथेच थांबलेला असे, न रागावता.

साल 1974. माहेर जुन्नरकडचं. कॉलेजचं एक वर्ष झालं आणि लग्न करून मी महाडला आले. यजमान एस.टी.च्या डेपोत कारकून. गावात कॉलेज होतं, आमच्या खोलीपासून चालत पंधरा मिनिटांवर. पण सकाळी अकरा ते चार हा वेळ माझा नव्हता. तो चुलीचा, पाण्याचा, सासूबाईंच्या औषधांचा आणि तान्ह्या मुलीचा होता. मुंबई पावणेदोनशे किलोमीटर लांब, तरी मुंबई विद्यापीठ मला जवळचं ठरलं, कारण ते टपालानं यायचं. ‘करस्पॉन्डन्स’ म्हणत त्याला. मुंबई विद्यापीठानं ते 1971 मध्ये सुरू केलं होतं. सावित्रीला पूर आला की पोस्टमनकाका पाठांचं पाकीट छत्रीच्या आत धरून आणत, स्वतः भिजत. पाकीट हातात देताना त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे, “काय वहिनी, मागचं झालं का वाचून?” खोटं बोलायची मला लाज वाटे. निम्मं बी.ए. मी त्या लाजेवर केलं.

पुढं मी शिक्षिका झाले, दूरशिक्षणाच्या केंद्रावर सव्वीस वर्षं रविवार घालवले, आणि शिकवण्याची साधनं माझ्या डोळ्यांदेखत बदलत गेली. आज ऑनलाइन शिक्षणाबद्दल बोलताना लोक त्याची वंशावळ दूरदर्शनपासून आणि उपग्रहापासून मांडतात. मला ती पटत नाही. मोबाइलवरच्या धड्याचं खरं कूळ टपालाचं आहे. कसं, ते सांगते.

शॉर्टहँडच्या क्लासला गेलेल्या आमच्या पिढीला पिटमन हे नाव ठाऊक आहे. इंग्लंडात 1840 साली एका पेनीत देशभर कुठेही पत्र जाऊ लागलं. त्याच वर्षी आयझॅक पिटमननं आपली लघुलिपी टपालानं शिकवायला घेतली. शिकणारा उतारा लघुलिपीत उतरवून धाडायचा, पिटमनकडून तो तपासून परत यायचा. यातली खुबी दोन्ही बाजूंच्या टपालात आहे. धडा जातो तसं उत्तरही येतं, आणि चुकीवर कुणाच्या तरी हाताची खूण असते. आपल्याकडे दौलतसिंग कोठारींच्या समितीच्या शिफारशीनंतर 1962 मध्ये दिल्ली विद्यापीठानं पत्रद्वारा पदवीचं शिक्षण सुरू केलं. मुंबईनं नऊ वर्षांनी. त्या काळी या शिक्षणाकडे कुणी फारशा आदरानं पाहत नसे. “घरी बसून बी.ए.? मग ते खरं बी.ए. का?” असं आमच्याच नात्यातल्या एका मास्तरांनी मला लग्नाच्या पंगतीत विचारलं होतं. तोच प्रश्न आज ऑनलाइन पदवीला विचारला जातो, तेव्हा मला त्या पंगतीतली जिलेबी आठवते.

टपालाच्या आधीही आमच्या घरात दूरचं शिक्षण येऊन गेलं होतं, ते रेडिओनं. मी तेव्हा वर्षाची होते, म्हणून ही गोष्ट वडिलांच्या तोंडची. 1956 मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे 150 गावांत श्रोता मंडळं काढली. कल्पना कॅनडातल्या शेतकरी मंडळांवरून घेतलेली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. आमच्या गावात रेडिओ चावडीत ठेवला होता. कंदील लावून वीसेक माणसं बसत. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद आणि बोलणं सुरू. खतावर, विहिरीवर, उंदरांवर. काय ठरलं आणि काय कळलं नाही ते कागदावर लिहून पुण्याला धाडायचं. वडिलांचं अक्षर बरं, म्हणून ते काम त्यांच्याकडे. एकदा त्यांच्या मंडळाच्या प्रश्नाचं उत्तर रेडिओतून आलं, तेव्हा चावडीत टाळ्या पडल्या. “पुण्याच्या माणसानं आपल्या गावाचं नाव घेतलं,” हे ते मरेपर्यंत सांगत.

त्या प्रयोगाची नीट तपासणी झाली होती. पॉल न्यूरॅथ नावाच्या समाजशास्त्रज्ञानं मंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं यांची तुलना केली. मंडळाच्या गावांतली माणसं पुष्कळ शिकली. नुसता रेडिओ असलेली गावं त्यांच्या मागे राहिली. आवाज एकच, वेळ एकच. फरक होता तो चावडीतल्या बैठकीचा. 1959 पासून आकाशवाणीनं ही मंडळं देशभर नेली. पण चावडीतली ती वेळ पक्की होती. त्या अर्ध्या तासात ज्याची गाय व्याली, त्याचा धडा गेला. आणि बायका? आईला मी विचारलं होतं. ती म्हणाली, “भाकऱ्यांच्या वेळेला लावायचे मेले.”

टपाल आणि रेडिओ यांतला हा फरक मला फार उशिरा उमगला. टपालात धडा विद्यार्थ्यासाठी थांबतो. रेडिओत विद्यार्थी धड्यासाठी थांबतो. पुढची सगळी साधनं मी याच दोन खणांत टाकून पाहिली.

दूरदर्शन दुसऱ्या खणातलं. 1975-76 मध्ये अमेरिकी उपग्रहाच्या आधारानं सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांत शैक्षणिक दूरचित्रवाणीचा मोठा प्रयोग झाला. त्यात महाराष्ट्र नव्हता, म्हणून मी तो वाचूनच जाणते. मी पाहिलं ते 1984 नंतरचं. त्या वर्षी पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि स्वातंत्र्यदिनापासून विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ दूरदर्शनवर दिसू लागली. तोवर यजमानांची बदली होऊन आम्ही सिन्नरला आलो होतो. मी एम.ए., बी.एड. करून कनिष्ठ महाविद्यालयात लागले होते. एका शाळेत शासनाकडून आलेला टीव्ही मी पाहिला. तो लोखंडी कपाटात, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि कार्यक्रमाच्या वेळेला वर्गात गणिताचा तास. ज्या दिवशी सगळं जमून आलं त्या दिवशी वीज नव्हती. पण सुट्टीच्या दिवशी घराघरांत बालचित्रवाणी पाहिलेली मुलं आज चाळिशीत आहेत, आणि तिचं नाव काढलं की त्यांचे चेहरे उजळतात. 2017 मध्ये ती संस्था बंद झाली.

मग आलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ. जुलै 1989 मध्ये महाराष्ट्रानं कायदा करून यशवंतराव चव्हाणांच्या नावानं ते स्थापलं, गंगापूर धरणाच्या अंगाला. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. मूळचे भौतिकशास्त्राचे, आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद. इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले विद्यार्थी 1971 चे, आपल्याकडे हैदराबादचं मुक्त विद्यापीठ 1982 चं, इग्नू 1985 चं. इंग्लंडात मूळ कल्पना ‘हवेतल्या विद्यापीठा’ची होती, म्हणजे रेडिओ-टीव्हीवर चालणाऱ्या. प्रत्यक्षात तिथेही कणा राहिला तो टपालानं येणाऱ्या पुस्तकांचा आणि मार्गदर्शक शिक्षकांचा.

आमच्या पुस्तकांची बांधणीच वेगळी होती. आधी उद्दिष्टे, मग प्रास्ताविक, विषय-विवेचन, मध्ये मध्ये स्वयं-अध्ययन प्रश्न, शेवटी सारांश. पुस्तक वाचणाऱ्याशी बोलायचं, विचारायचं, थांबायचं. बारावी न झालेल्याला पूर्वतयारीची परीक्षा देऊन पदवीच्या वाटेला लागता येई. मी समंत्रक झाले 1991 मध्ये. समंत्रक म्हणजे प्राध्यापक नव्हे. तास घ्यायचा नाही, अडलेलं सोडवायचं. रविवारी संपर्क सत्र असे.

सिन्नरचा रविवार कसा असे ते सांगायला हवं. मुसळगाव आणि माळेगावच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून आलेले तरुण, एस.टी.चे वाहक, अंगणवाडीच्या ताया, एखादा पोलिस, आणि विडी कामगार बायका. सिन्नर हे विड्यांचं जुनं गाव. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीनं कापलेली तेंदूची पानं, आणि बोटं चालतात ती डोळ्यांना न विचारता. दिवसाला हजार विड्यांचा हिशेब. त्यातली एक बाई पूर्वतयारीला आली तेव्हा चाळिशीची होती, माझ्याहून मोठी, आणि मला ‘बाई’ म्हणायची. मी तिला ‘ताई’ म्हणायची. पहिल्याच सत्रात तिनं मला विचारलं, “बाई, हे पुस्तक कुणी वाचून दाखवलं तर चालंल का? माझे हात गुतल्याले असत्यात, कान नाहीत.”

मी घरचा टेपरेकॉर्डर काढला. दोन रविवारी बसून इतिहासाच्या पुस्तकाचे चार घटक माझ्या आवाजात कॅसेटवर भरले. ती सूप मांडीवर घेऊन ऐकायची, नाही कळलं की टेप मागे करायची. शेजारच्या तिघीजणी न विचारता ऐकायला लागल्या. त्यातल्या एकीनं पुढच्या वर्षी नाव घातलं. ताई मला एकदा म्हणाली ते वाक्य मी कुठल्याही शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात वाचलेलं नाही. म्हणाली, “वर्गात धा वेळा इचारलं तर मास्तर काय म्हणंल? ही पट्टी काय म्हणत नाही.” पुन्हा विचारण्याची लाज हा गरिबाच्या शिक्षणातला केवढा मोठा अडसर आहे, ते मला त्या दिवशी कळलं. ऑनलाइन शिक्षणाचे फायदे मोजताना लोक फी, प्रवास, सवड मोजतात. मी हा फायदा सगळ्यात वर लिहिते.

पुढची उडी आकाशात होती. सप्टेंबर 2004 मध्ये इस्रोनं शिक्षणासाठीच म्हणून एड्युसॅट हा उपग्रह सोडला. त्याचा वापर आधी करून पाहणाऱ्या विद्यापीठांत आमचं मुक्त विद्यापीठही होतं. एका केंद्रावर मी तो वर्ग पाहायला गेले. गच्चीवर थाळी, खाली पडदा, पडद्यावर नाशिकहून बोलणारे तज्ज्ञ, आणि इथून प्रश्न विचारायची सोय. वडिलांच्या चावडीतलं उत्तर पंधरवड्यानं यायचं, इथं अर्ध्या मिनिटात. मला भरून आलं. पण वेळ पुन्हा पक्की होती. सकाळी अकरा. रात्रपाळीचा तरुण त्या वेळेला झोपलेला, ताईच्या विड्या मोजून घेण्याची तीच वेळ. खोलीत आम्ही समंत्रकच जास्त होतो. आकाशातून आलेला धडाही भाकऱ्यांच्या वेळेलाच आला होता.

खरा बदल जमिनीवर चालला होता. 2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघालं, आणि तालुक्याच्या गावांतून, बाजारपेठेतल्या गाळ्यांतून एमएस-सीआयटीची केंद्रं उघडली. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागतं म्हणून झुंबड. आम्हा शिक्षकांनाही ते करणं भाग होतं. पन्नाशीला टेकलेली मी माऊस धरायला शिकले, आणि शेजारच्या खुर्चीवर माझाच मुक्त विद्यापीठातला जुना विद्यार्थी. “बाई, दोनदा दाबा, हळू नको, पटकन,” असं तो मला सांगत होता. धडा संगणकाच्या पडद्यावर होता, आपल्या गतीनं पुढे जाणारा, चुकलं तर पुन्हा करू देणारा. आणि खोलीत एक ताई फिरत होती, खांद्यावरून वाकून “झालं का?” विचारत. मला छत्रीतलं पाकीट आठवलं. टपाल परत आलं होतं, नव्या अंगरख्यात.

मग ते येतच राहिलं. 2003 मध्ये सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी एनपीटीईएल सुरू केलं. अभियांत्रिकीची व्याख्यानं कुणालाही, फुकट. माळेगावच्या एका कारखान्यातला डिप्लोमावाला मुलगा ती व्याख्यानं पेनड्राइव्हवर भरून आणायचा आणि पाळी संपल्यावर पाहायचा. इंग्रजी अडायचं, तो थांबवून शब्द वहीत लिहून घ्यायचा. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकारानं ‘स्पोकन ट्युटोरियल’ उभं राहिलं. दहाएक मिनिटांचे छोटे धडे, मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज दिलेले, शिकवणारा शेजारी नाही हे धरूनच रचलेले. एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला आपलं काम, आणि तो करतो तसं करत जायचं. मला ती रचना पाहून पुस्तकातले स्वयं-अध्ययन प्रश्न आठवले. एकाच आईची लेकरं.

तरी हे सगळं संगणकापाशी अडून होतं. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि धडा खिशात शिरला. 2017 च्या जुलैत केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ सुरू झालं, सप्टेंबरात शिक्षकांसाठी ‘दीक्षा’. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोडचे चौकोन उमटले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी असे कोड पाठ्यपुस्तकांत आधीच वापरले होते. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, आणि अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांत वाटली. ही बातमी वाचताना माझ्या मनात आलं, छापील पुस्तक आणि पडदा यांची सोयरीक लावून देणारा माणूस खेड्यातल्या शाळेतला निघाला, हे किती बरं झालं.

आणि त्याच 2020 मध्ये शाळांना कुलपं लागली.

टाळेबंदीत ‘ऑनलाइन’ हा शब्द घराघरांत पोचला आणि लगेच बदनामही झाला. माझ्या मते, लोकांनी पाहिलं ते ऑनलाइन शिक्षण नव्हतंच. तो घंटेसकट उचलून फोनमध्ये कोंबलेला वर्ग होता. सकाळी आठला हजेरी, साडेआठला गणित. आमच्या गल्लीत एका घरात तीन मुलं आणि फोन एक, तोही बापाबरोबर कामावर जाणारा. धाकटीचा तास चालू असेल तेव्हा थोरला भिंतीकडे पाहत बसे. विद्यार्थी धड्यासाठी थांबला होता, पुन्हा एकदा, आणि या खेपेला चावडीही नव्हती. त्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका लागली. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्यातल्या पुष्कळांच्या घरात टीव्ही होता, सगळ्यांच्या नाही. ती पाहायला गल्लीतली चार मुलं माझ्या ओट्यावर अंतर राखून बसत. कार्यक्रम संपला की मी टीव्ही बंद करायची आणि विचारायची, “हं, आता सांगा.” वडिलांची चावडी माझ्या ओट्यावर भरली होती.

मोठ्यांसाठी मी वेगळी वाट धरली. विड्या वळणाऱ्या ताईची सून तेव्हा मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ला होती. तिला आणि आणखी अकराजणींना मी व्हॉट्सअ‍ॅपवर सहा-सात मिनिटांचे आवाजी निरोप धाडू लागले. एका निरोपात एकच मुद्दा. नेटवर्क असेल तेव्हा उतरवा, सवड असेल तेव्हा ऐका, आणि ऐकल्यावर मला फक्त ‘ऐकलं’ एवढं लिहा. उत्तरं रात्री साडेअकराला यायची, पहाटे पाचला यायची. जिचं ‘ऐकलं’ दोन दिवस आलं नाही तिला मी फोन करायची. बाराजणींतल्या दहाजणी परीक्षेला बसल्या. दोघी का बसल्या नाहीत तेही मला माहीत आहे. एकीचा नवरा आजारी पडला आणि दुसरीनं फोन विकला.

ऑनलाइन अभ्यासक्रमांना नाव नोंदवणारे पुष्कळ आणि शेवटापर्यंत जाणारे थोडे, ही तक्रार जगभर आहे. त्याचं कारण मला पॉल न्यूरॅथच्या त्या तुलनेत सापडतं. धडा थांबून राहू शकतो, म्हणूनच तो विसरलाही जातो. आकडा पानात तसाच राहतो आणि गंजतो. टपालाच्या शिक्षणात पोस्टमनकाका होते, मुक्त विद्यापीठात रविवार होता, एमएस-सीआयटीत खांद्यावरून वाकणारी ताई होती. पडद्यापलीकडच्या माणसाइतकंच पडद्याच्या अलीकडे, आपल्या गल्लीत कुणीतरी लागतं. त्याला विषय यायची गरज नाही. पोस्टमनकाकांना माझ्या अर्थशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं.

गेल्या पावसाळ्यापासून मी मोडी शिकते आहे, ऑनलाइन. वडिलांच्या पेटीत काही जुने कागद निघाले, त्यांवर काय लिहिलंय ते मला मरण्याआधी वाचायचंय. धडे रेकॉर्ड केलेले आहेत. रात्री जेवणं आटोपली की मी स्वयंपाकघरातच बसते, फोन चटणीच्या बरणीला टेकवून. शिकवणारे सर फळ्यावर अक्षर काढतात, हात न उचलता. परवा ‘ळ’पाशी आले आणि गॅसवरचं दूध वर आलं. मी बोट टेकवलं. सरांचा हात हवेत थांबला. उठता उठता दुसरा हात सवयीनं अंबाड्याकडे गेला होता.

दूध उतरवून परत आले तर त्याच फोनवर जुन्या शाळेतल्या मैत्रिणीचा निरोप. आम्ही दोघींनी मिळून नाव घातलंय, ती धुळ्याला असते. लिहिलं होतं, “सातवा झाला का? माझा झाला.”

सर तसेच थांबले होते. मी चष्मा पुसला.